मावशी, ह्यांचा श्वास रात्री मध्येच थांबतो

बाय, पत्र मिळालं तुझं. मला मावशी म्हटलंयस म्हणून मी पण तू म्हणते, चालेल ना. घोरण्याचं पुराण तू चांगलं दोन पानं लिहिलंयस पण माझे डोळे अडकले ते अगदी शेवटच्या ओळीवर, जी तू जाता जाता लिहून मोकळी झालीस, की गेल्या महिन्यात बनस्तारीजवळ बस चालवताना ह्यांचा डोळा लागला आणि कंडक्टरने ओरडून जागं केलं. ती ओळ पत्रात सगळ्यात वर हवी होती.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ही फोंडा तालुक्यातली. नवरा ४४ वर्षांचा, फोंडा-पणजी बसवर ड्रायव्हर, पहिली फेरी पहाटेची. रात्री दणदणीत घोरतो, घोरता घोरता एकदम गप्प होतो, ही अंधारात मोजत बसते वीस, पंचवीस, कधी तीसपर्यंत, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज करून गाडी परत सुरू. हुर्राकच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दिवसांत जास्त. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत तरी बीपी खाली यायला तयार नाही. सासूबाईंचं म्हणणं देवचार, म्हणजे गावाचा राखणदार, छातीवर बसतो, त्याला रोटाचा नैवेद्य द्यायचा राहिलाय. त्यात सासरे ७६ वर्षांचे, दोन वर्षांमागे हार्ट अटॅक येऊन गेलेला, पंपिंग कमी झालंय, त्यांचाही श्वास हल्ली झोपेत थांबतो. आणि सहा वर्षांची मुलगी तोंड उघडं टाकून घोरते. हिचा प्रश्न असा की हा सगळा एकच आजार आहे का, घराण्यातच आहे का, आणि आधी कोणाला घेऊन जाऊ.

उत्तर आधी देते, कारणं मग. एकच आजार नाही, तिघांची तीन वेगळी कारणं असणार असं मला वाटतंय. आधी नवऱ्याला घेऊन जा. आणि डॉक्टरला दाखवून होईपर्यंत त्याने स्टिअरिंगला हात लावायचा नाही, मालकाकडे रजा माग, नाहीतर पंधरा दिवस तिकिटं फाडायला उभा राहू दे, काहीही कर. लायसन जाईल म्हणून कोणाला सांगत नाहीत असं लिहिलंयस ना, कळतं मला, घर त्याच्यावर चालतं. पण उपचार सुरू असलेला, झोप पूर्ण होणारा ड्रायव्हर परत बस चालवू शकतो. डोळा लागून कठडा तोडून खाली गेलेल्या ड्रायव्हरला लायसनचं काय करायचंय, आणि मागे पन्नास माणसं बसलेली असतात.

मी डॉक्टर नाही हे इथे नेहमीच सांगते. ३१ वर्षं नर्स होते, त्यातली अर्धी रात्रपाळीत गेली, आणि रात्री दोन वाजता मेडिसिन वॉर्डात खुर्चीवर बसलं की श्वास ऐकण्याशिवाय दुसरं काम नसतं. कोण कसा घोरतो, कोणाचा श्वास कुठे अडतो हे पाठ व्हायचं. तेव्हा एक गोष्ट कळली की घोरणारा माणूस निदान श्वास तरी घेतोय, तो गप्प झाला की उठून बघायचं.

आता तुझ्या नवऱ्याचं बघ. आपल्या घशाचा जो भाग जिभेच्या मागे आहे ना, तिथे हाड नाही, नुसती मऊ नळी आहे. जागेपणी आजूबाजूचे स्नायू ती उघडी धरून ठेवतात. झोप लागली की सगळं अंग सैल पडतं तसे तेही सैल पडतात, जीभ आणि पडजीभ मागे जाते, नळी अरुंद होते, हवा त्यातून फडफडत जाते तेच घोरणं. शहाळं पिताना कागदाची नळी भिजून मऊ झाली आणि आपण जोरात ओढलं की ती चिकटून बंद होते, ओढशील तेवढी जास्त चिकटते, तसंच होतं इथे. छाती ओढत असते, पोट वरखाली होत असतं, पण आत हवा शून्य. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, मेंदू घाबरून त्याला दोन-चार सेकंद अर्धवट जागं करतो, स्नायू ताठ होतात, नळी उघडते, तो तुझा गुदमरल्यासारखा आवाज. सकाळी विचारलंस तर म्हणेल मस्त झोपलो. खोटं नाही बोलत, त्याला आठवतच नाही.

ह्याला डॉक्टर ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अॅप्निया म्हणतात, तोंडात बसत नसेल तर ओएसए म्हण. बप्पी लाहिरी २०२२ च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा टीव्हीवर हेच नाव आलं होतं, आठवत असेल. १० सेकंद किंवा जास्त श्वास बंद राहिला की एक अॅप्निया धरतात, आणि असं तासाला किती वेळा होतं ते मोजतात. मोठ्या माणसात तासाला ५ च्या खाली म्हणजे ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर गंभीर. आता हिशेब कर, तासाला ३० म्हणजे सहा तासांच्या झोपेत १८० वेळा कोणीतरी गळा दाबून सोडतंय. मग पहाटे उठून बसवर डोळा लागणार नाही तर काय होणार.

बीपी का उतरत नाही तेही ह्यातच असू शकतं. प्रत्येक वेळी गुदमरून उठताना अंगात अॅड्रिनलिन सुटतं, ठोके वाढतात, बीपी चढतं, आणि हे रात्रभर चालतं. गोळ्या असूनही बीपी हटत नसेल तर झोपेचं विचारायला हवं, पण ओपीडीत पेशंट घोरतो का हे विचारायला कोणाला वेळ असतो, म्हणून तूच सांग. माझ्या सख्ख्या भावाचं असंच झालं, तीन गोळ्यांपर्यंत गेला, वर रात्री चारदा लघवीला उठायचा म्हणून शुगर बघितली, प्रोस्टेट बघितलं, सगळं नॉर्मल. अगे, गळा बंद असताना छाती ओढते तेव्हा हृदयावर ताण पडतो, हृदयाला वाटतं शरीरात पाणी जास्त झालं आणि ते लघवी वाढवणारं हार्मोन सोडतं. हे मला, इतकी वर्षं नोकरी केलेल्या बाईला, घरातच कळायला पाच वर्षं लागली. तुझा नवरा रात्री किती वेळा उठतो, सकाळी डोकं दुखतं का, तोंड सुकतं का, हे लिहिलेलं नाहीस, बघून ठेव.

हे होतं कोणाला, तर वजन जास्त आणि मान जाड असली की जास्त, शर्टाची कॉलर १७ इंच म्हणजे साधारण ४३ सेंटीमीटरच्या वर गेली की डॉक्टर कान टवकारतात. पण बारीक माणसाला होत नाही असं समजू नको. आपल्याकडे जबडा लहान, हनुवटी आत असलेली माणसं पुष्कळ, त्यांना कमी वजनातही होतं. वाढलेले टॉन्सिल, सतत चोंदलेलं नाक, थायरॉइड कमी असणं, बायकांत पाळी गेल्यानंतर, ही पण कारणं. घराण्याचं विचारलंस, तर जबड्याची ठेवण आणि अंगकाठी बापाकडून पोराकडे येते, तेवढ्यापुरतं घराण्यात असू शकतं.

आणि दारू. मार्च ते मे तुझ्याकडे हुर्राकचा डबा येतो, लिंबू, मीठ, चिरलेली मिरची, वर लिम्का, मला सांगू नको कसं लागतं ते. पण जे स्नायू झोपेत आधीच सैल पडतात त्यांना दारू आणखी सैल करते आणि मेंदूला उठायला उशीर लावते, म्हणून तू मोजतेस ते आकडे त्या दिवसांत वाढतात. झोपेची गोळी पण तशीच. झोप पुरत नाही म्हणून कोणीतरी फार्मसीतून अल्प्राझोलाम आणून देतं, ते ह्या माणसाला विष आहे. हुर्राक सोडवत नसेल तर निदान झोपायच्या आधीचे तीन-चार तास तरी नको, मी बारा महिने सोड म्हटलं तर तो माझं काहीच ऐकणार नाही हे मला माहीत आहे.

आता मामंजींचं. तू लिहिलंयस की त्यांचा श्वास आधी हळू असतो, मग मोठा मोठा होत जातो, मग परत लहान लहान होत बंद पडतो, थोडा वेळ काहीच नाही, मग परत हळूच सुरू, आणि घोरणं फारसं नाही. बाय, तू इतकं नीट लिहिलंयस की दोनशे वर्षांमागे डब्लिनच्या एका डॉक्टरने असंच लिहिलं होतं, १८१८ मध्ये, जॉन चेन नाव त्याचं, पुढे स्टोक्स नावाच्या दुसऱ्या डॉक्टरने लिहिलं म्हणून ह्या श्वासाला चेन-स्टोक्स म्हणतात. इथे गळा उघडाच असतो. मेंदूच श्वास घ्यायचा हुकूम द्यायला थांबतो. ह्याला सेंट्रल म्हणतात.

का थांबतो, तर तुझ्याकडे गीझर बाहेर आणि नळ आत लांब असला की काय होतं बघ, पाणी गार म्हणून तू नळ फिरवतेस, गरम यायला वेळ लागतो, तोवर तू जास्तच फिरवलेला असतो, मग चटका बसतो, मग उलटा फिरवतेस, परत गार. हृदयाचं पंपिंग कमी झालं की फुप्फुसातलं रक्त मेंदूपर्यंत पोचायला उशीर होतो, मेंदूला खबर शिळी मिळते. कार्बन डायऑक्साइड वाढला वाटून तो श्वास जोरात घ्यायला लावतो, तोवर खरं तर तो कमी झालेला असतो, मग म्हणतो थांबा, आणि हा झोका साधारण मिनिटाभराचा, रात्रभर चालू. पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेल्यांत होतं, किडनी गेलेल्यांत होतं, लेह-लडाखला गेलेल्या धडधाकट माणसालाही उंचीमुळे काही दिवस होतं. आणि औषधांनी होतं, मॉर्फिनच्या जातीच्या, ट्रॅमाडॉल त्यातलंच. मामंजी कंबरेसाठी गोळ्या घेतात म्हणालीस, कुठल्या ते लिहिलं नाहीस, स्ट्रिप घेऊन जा.

फरक ओळखायचा कसा, तर दिवा लावून पोट बघ. आवाज बंद आहे पण छाती-पोट धडपडतंय, तर गळ्याची अडचण. आवाज बंद आणि पोट पण निवांत, काही हालचालच नाही, तर हुकूमच आलेला नाही. ह्यावरून निदान होत नाही, ते टेस्टनेच होतं, शिवाय दोन्ही एकत्र असलेली माणसंही असतात, हार्ट पेशंटमध्ये तर बऱ्याचदा. पण दोघांचे मोबाईलवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढ, पांघरूण बाजूला करून, पोट दिसेल असे, आवाजासकट. ओपीडीत दहा वाक्यं बोलण्यापेक्षा तो व्हिडिओ दाखव. नवरा चिडेल, चिडू दे, आपला आवाज स्वतः ऐकल्यावर माझा भाऊ दोन मिनिटं गप्प बसला होता.

मामंजींना छातीच्या नाही, हार्टच्या डॉक्टरकडे ने, पुढची तारीख असेल तिची वाट बघू नको. पायाला सूज आली का, वजन चार दिवसांत दोन किलो वाढलं का, आडवं पडलं की दम लागून उशा वाढवाव्या लागतात का, हे सांग. बहुतेक वेळा हृदयाची औषधं, पाण्याची गोळी (लघवीवाटे जास्तीचं पाणी काढणारी) नीट बसवली की हा श्वास सुधारतो. पण एक पक्कं लक्षात ठेव, उद्या नवऱ्याला झोपेत लावायचं श्वासाचं मशीन मिळालं तर ते मामंजींना लावून बघायचं नाही. घराघरांत हे चालतं, नेब्युलायझर एकाचं सगळ्यांना. अशा कमजोर हृदयाच्या पेशंटना आपोआप दाब बदलणारं एका वेगळ्या जातीचं मशीन लावून बघितलं होतं, २०१५ मध्ये त्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला तर मशीन लावलेल्यांत हृदयाने जाणारे जास्त निघाले. म्हणून कोणाला काय लावायचं ते डॉक्टरनेच ठरवायचं.

नवऱ्याला कुठे न्यायचं. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, छातीच्या किंवा ईएनटीच्या (कान-नाक-घशाच्या) ओपीडीत दाखव, नाहीतर फोंड्यातल्या तुमच्या फिजिशियनकडून चिठ्ठी घेऊन जा, स्लीप स्टडी कुठे करायची ते तेच सांगतील. स्लीप स्टडी म्हणजे अंगाला वायरी लावून एक रात्र झोपायचं, मेंदू, श्वास, ऑक्सिजन, ठोके सगळं नोंदलं जातं. दुखत नाही. हल्ली घरी नेऊन लावायचं छोटं यंत्रही मिळतं, साध्या केसमध्ये ते पुरतं. कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेल तो रात्री लावून बघशील, मला माहीत आहे, बघ. जागेपणी ९७-९८ दाखवेल त्याला अर्थ नाही, झोपेत सारखा ९० च्या खाली जात असेल तर फोटो काढून ठेव. मात्र आकडा चांगला आला म्हणून जायचं टाळू नको, बोटाचं यंत्र पुष्कळदा चुकवतं.

ओएसए निघाला आणि बऱ्यापैकी असला तर सीपॅप मशीन सांगतील. लोकांना वाटतं ऑक्सिजन लावला म्हणजे आता संपलं. ऑक्सिजन नाही गं तो, साधी हवाच, जरा दाबाने नाकातून सोडतात, त्या दाबाने गळ्याची नळी फुगून उघडी राहते बस. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हननी १९८० च्या सुमारास हे काढलं, तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली होती म्हणे, आणि त्या आवाजातही पेशंट गाढ झोपले. पहिले पाच-सात दिवस नवरा मास्क फेकून देईल. नाक सुकतं, गालावर वळ येतात, कोणी बघितलं तर काय म्हणेल. मशीन स्वस्त नाही, म्हणून आधी भाड्याने घेऊन बघा, मास्क तोंडाला नीट बसतो का बघा, अर्ध्या तक्रारी चुकीच्या मास्कच्या असतात. संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास लावून सवय कर. पावसात आपल्याकडे लाईट जाते, तेव्हा इन्व्हर्टरला जोडून घ्या. आणि आपल्या दमट हवेत पाईपला बुरशी धरते, मास्क रोज पुसायचा, पाईप आठवड्याला धुवून सावलीत सुकवायचा, पाण्याच्या डबीत डिस्टिल्ड वॉटर, विहिरीचं नको. माझ्या भावाला चौथ्या रात्री सलग झोप लागली, सकाळी उठून म्हणाला आज रविवार आहे का.

मशीनशिवाय काही नाही का, तर आहे, केस सौम्य असेल तर. कुशीवर झोपणं, बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिस बॉल ठेवायचा, उताणा झाला की टोचतो आणि वळतो, हसू येईल पण काहीजणांना खरंच उपयोग होतो. जबडा पुढे धरणारी पट्टी डेंटिस्ट बनवून देतात. वजन १० टक्के उतरलं तर श्वास थांबण्याचे प्रकार साधारण पावपट कमी होतात असं अभ्यासात दिसलंय, म्हणजे ९० किलोचा ८१ झाला तर. वजनाची इंजेक्शनं आलीत त्यातल्या टिर्झेपटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये ह्याच आजारासाठी मान्यता मिळाली, जाड माणसांसाठी, पण तो डॉक्टरचा विषय, इन्स्टाग्राम बघून घ्यायचं नाही. नाकाच्या पट्ट्या, घोरणं बंद करणारे स्प्रे, ह्यांवर पैसे घालू नको, आवाज कमी झाला तरी गळा तिथेच बंद होतो. आणि उद्या त्याचं साधं हर्नियाचं ऑपरेशन असलं तरी भूल देणाऱ्याला हे आधी सांगायचं.

मुलीचं फार मोठं नाही, पण सोडूनही देऊ नको. ह्या वयात टॉन्सिल आणि नाकामागचे अॅडिनॉइड वाढलेले असतात, तेच बहुतेक कारण. मुलं दिवसा पेंगत नाहीत, उलट चिडचिड करतात, एका जागी बसत नाहीत, शाळेत लक्ष नाही म्हणून बाई तक्रार करतात, अंथरूण ओलं करतात. रोज घोरत असेल तर ईएनटीला दाखव, मोठ्यांचा तासाला पाचचा हिशेब मुलांना लागू नाही, त्यांच्यात तासाला एक पण जास्त धरतात.

सासूबाईंशी भांडू नको. देवचार आपल्याकडे दांडा घेऊन रात्री गावाची राखण करतो, झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसायला त्याला वेळ कुठला, असं मी माझ्या सासूला सांगायचे. रोट द्यायचा तर द्या, सोरो म्हणजे दारू पण ठेवा, फक्त उरलेला सोरो नवऱ्याने संपवायचा नाही.

शेवटचं, हे आजच कंडक्टरला पण सांगून ठेव आणि घरात सगळ्यांना. नेहमी थांबतो तो श्वास हाक मारली, हलवलं की परत येतो. पण कोणी हलवूनही उठत नाही, ओठ निळे-काळे पडलेत, आणि मध्येच एखादा आचका दिल्यासारखा श्वास येतोय, तर ते घोरणं नाही, हृदय थांबलेलं असतं. १०८ लाव, फोन स्पीकरवर ठेव, जमिनीवर उताणं झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लाग, पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, गाडी येईपर्यंत. मामंजींच्या खोलीत रात्री मोबाईल चार्ज केलेला असू दे.

ओपीडीला जाताना दोघांच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा, बीपीची वही, मामंजींचा शेवटचा इको आणि ते व्हिडिओ. सकाळी लवकर जा. आणि बांबोळीला जाताना गाडी त्याला चालवायला देऊ नको, बसने जा, दुसऱ्या कोणाच्या तरी.